खाली मानेची मूठ

पट्टी निघून सहा महिने झाले, सूज उतरली, डोळ्यांखालचं काळंनिळं जाऊन पिवळं आलं आणि पिवळंही गेलं, तरी गावाने ते नाक मान्य केलं नव्हतं.

गावाचं म्हणणं असं, की चौतीस वर्षं जे नाक चाललं ते पस्तिसाव्या वर्षी का चालेना? माणूस घर बदलतो, गाय बदलतो, एखादा धीट असेल तर धंदा बदलतो. पण नाक? आणि तेही बाईमाणसाने, दारात कुणी वाट बघत उभं नसताना?

ती जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. ओठ तान्हेपणीच शिवला, नाकाचं मात्र राहून गेलं. डावी नाकपुडी बसलेली, शेंडा एका बाजूला कललेला, ओल्या मातीवर कुणी अंगठा दाबावा तसं. शाळेत तिला 'चपटी' म्हणायचे. मोठी झाल्यावर कुणी म्हणत नसे, पण आपण म्हणत नाही आहोत हा मोठेपणा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेला असे. मग तिने चेहरे वाचणंच सोडलं. मान खाली घातली ती घातलीच.

आणि त्या खाली मानेनेच तिला नोकरी दिली.

गावाबाहेर रेशीम सोसायटीची, कोषखरेदीची लांब पत्र्याची शेड होती. गावातली निम्मी घरं तुतीचा पाला तोडून रेशमाच्या अळ्या पोसायची. अळ्यांनी स्वतःभोवती कोष विणले, की ते पोत्यांत भरून सोमवारी शेडमध्ये आणायची. तिथे ओळीत पोती उघडत आणि ती प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घाली. वरून एक मूठ, मधून एक, तळातून एक. त्यातले शंभर कोष परातीत मोजायचे आणि एकेकाला पात्याने चीर द्यायची. आत अळी जिवंत असली तर कोष चांगला. मरून काळा डाग पडला असला तर वाईट. शंभरात पाचापर्यंत वाईट निघाले तर पहिली प्रत, पंधरापर्यंत दुसरी, त्यापुढे बाद. पोत्यात कितीही हजार कोष असोत, त्यांचं नशीब त्या तीन मुठींत.

चौदा वर्षांपूर्वी मूठ कुणी घालायची यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. याचा मेव्हणा, त्याचा साडू, प्रत्येक हात कुणाचा ना कुणाचा तरी. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ती आहे ना, चपटी. ती वर बघतच नाही. तिला काय कळतंय कुणाचं पोतं ते!" सगळ्यांना एकदम पटलं. तेव्हापासून ती मूठताई. तिच्या सख्ख्या भावाचं पोतं आलं तरी मूठ तिचीच. खाली मान, मग काय भाऊ आणि काय शेजारी. तिची लाज तिला विचारल्याशिवाय गावाने कायद्यात बसवून टाकली.

आता ती वर बघायला लागली होती, आणि पंचाईत तिथेच होती.

*

त्या हंगामात ऊन असं पडलं, की सकाळी दहालाच तुतीचा पाला हातात चुरायचा. अळ्या मोठ्या झालेल्या, भूक ऐन भरात, आणि पाला करपलेला. दादा आणि वहिनी उजाडायच्या आत शेतावर जात, दव असेतो फांद्या कापत आणि भारे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणत. अळ्यांच्या खोलीत चारही बाजूंना ओली पोती टांगली होती. ती तासाभरात वाळत. दादा दिवसभर विहिरीचं पाणी आणून शिंपडत राही. त्याच्या खांद्यावरची कातडी कावडीने सोलली होती. दुखतं म्हणाला नाही, पण सदरा खांद्यापासून उचलून धरतच चढवायचा.

मूठताई पाला पसरायची. डोक्याच्या वर एकावर एक मांडलेल्या फळ्यांवर हात उंचावला, की छातीत चमक निघे. डॉक्टरीणबाईंनी बरगडीजवळचा कूर्चेचा तुकडा काढून नाकाला आतून टेकू दिला होता. आई हे येईल त्याला सांगे.

"छातीतलं काढून नाकात घातलं हो. आता शिंकली तर छातीला कळतं."

"आई, बास."

"खोटं आहे का? खरं तेच सांगते."

आई खरं तेच सांगायची, पण जेवताना तिरक्या नजरेने लेकीकडे बघायची. एखाद्या पाहुणीने आपल्या मुलीचे कपडे घालून यावं आणि पाहुणीला तसं म्हणता येऊ नये, अशी नजर.

मूठताईला याचा राग यायला हवा होता. पण तिचं स्वतःचं तरी काय होतं? इस्पितळात परिचारिकेने हातात आरसा दिला तेव्हा तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की ही कोण बाई, आणि हिचं इथे काय काम? अजूनही शेंडा बधिर होता. माशी बसली तर दिसे, पण कळत नसे. लोक "छान दिसतेस" म्हणत आणि ती त्या दोन शब्दांना पात्याने चीर देऊन बघे, आत काय मेलंय ते. म्हणजे आधी कशी दिसत होते? आधी माझ्याशी बोलताना यांच्या मनात काय चालायचं? भाजीवाली आता सुटे पैसे हातावर ठेवायची, आधी फळीवर ठेवायची. चांगलं वागणारा प्रत्येक माणूस तिला मागचा हिशेब उघडा पाडताना सापडत होता.

"वन्सं," वहिनी पाला निवडता निवडता म्हणाली, "एक विचारू? राग नका मानू."

"राग मानायचा असेल तर मानेन. विचार."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं असेल ना, का करायचंय म्हणून?"

"विचारलं. कुणासाठी करताय, असं विचारलं."

"मग?"

"म्हटलं, श्वासासाठी. एका बाजूने हवा जात नव्हती."

"आणि?"

वहिनीचं हे 'आणि' फार वाईट होतं. ती कुणाला फसू द्यायची नाही.

"आणि मला एकदा समोरून कुणाशी तरी बोलून बघायचं होतं," मूठताई म्हणाली. "आता पाला दे. उपाशी आहेत त्या."

*

हंगामाचा पहिला सोमवार. शेडमध्ये पत्रा तापून टिकटिक वाजत होता. ओळीत पहिलं पोतं ट्रॅक्टरवाल्याचं. हा बायको वारलेला, चाळिशीतला, हसरा माणूस. हसण्यासारखं काही नसलं तरी हसायचा.

मूठताईने हात घातला. आणि हात पोत्यात असताना तिने सहज वर बघितलं. श्वास मोकळा झाला, की मानही आपोआप वर येते, हे तिलाही नवीन होतं. समोर ट्रॅक्टरवाला. तो हसला. तिचंही तोंड थोडं हललं.

शंभर कोष मोजले. चार वाईट.

"पहिली," ती म्हणाली.

दुसरं पोतं शिवणवाल्या काकूंचं. या दिवसभर कपडे शिवत आणि उरल्या वेळात अळ्या पोसत. त्यांच्याकडेही तिने वर बघितलं. काकू ओठ आवळून उभ्या होत्या. नऊ वाईट.

"दुसरी."

काकू काही बोलल्या नाहीत. पोत्याचं तोंड बांधताना सुतळी दोनदा सुटली त्यांच्या हातून.

बोलला तो कायदा. या माणसाला गाव कायदा म्हणे, कारण शेडची नियमांची वही त्याला तोंडपाठ होती आणि वहीत नसलेले नियमही तो त्याच आवाजात सांगे.

"मूठ घालताना वर बघायचं नसतं."

"असं कुठे लिहिलंय?" मूठताईने विचारलं.

"लिहायची गरज नव्हती. तू बघतच नव्हतीस."

"आता बघते."

"तेच म्हणतोय मी. का बघतेस?"

ओळीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघायला नाक केलंय की नाक केलं म्हणून बघते?" हशा पिकला. ट्रॅक्टरवालाही हसला, आणि त्या हसण्याने गोष्ट आणखी बिघडली. नऊ पोती राहिली होती. त्या दिवशी तिने ज्यांना पहिली दिली ते मान खाली घालून निघून गेले आणि ज्यांना दुसरी दिली ते मोठ्याने बोलत गेले.

संध्याकाळी चारला, सगळे गेल्यावर, काटेवाल्या काकांनी तिला बोलावलं. वजनकाट्यावर त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि माणसाकडेही ते काटा स्थिर व्हायची वाट बघत असल्यासारखे बघत.

"सचिवांकडे तक्रार गेली आहे," ते म्हणाले. "फार काही नाही. पुढच्या सोमवारी आधीसारखी मान खाली घाल, की मिटलं. नाहीतर ते दुसरा हात शोधतील."

"मी काय वाईट केलं, काका?"

"काही नाही. पण तू बघत नाहीस या भरवशावर लोक घरी जाऊन झोपत होते."

तिने मान खाली घातली. सवयीने. आणि खाली घातल्यावर तिला जे दिसलं त्याने तिला हसूच आलं.

"काका, तुमच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. उन्हाळ्यात तुम्ही त्याच बाजूची वहाण ढिली करता."

काकांनी पाय खुर्चीखाली ओढला.

"शिवणवाल्या काकूंच्या उजव्या टाचेला मशीनच्या पायटीचा घट्टा आहे. कायदाचे अंगठे वर वळलेत, त्यांची पायताणं पुढून उसवतात. ट्रॅक्टरवाल्याच्या नखांत बारा महिने तेल. दादाच्या पायाला कुदळीचा वण. चौदा वर्षं मी काय बघत होते, असं वाटलं तुम्हाला? जमिनीवर माणसांचे पाय असतात, काका."

काका खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे तुला प्रत्येक वेळी माहीत होतं? कुणाचं पोतं ते?"

"प्रत्येक वेळी."

"आणि तरी..."

"आणि तरी काय?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हीसुद्धा, काका?"

"नाही, नाही," काका घाईने म्हणाले, पण काटा हलला होता आणि तो तिने पाहिला. "हे बाहेर कुणाला सांगू नकोस, बाई. मागची चौदा वर्षंसुद्धा उकरून काढतील."

*

तक्रार शेडमधून चहाच्या टपरीवर गेली आणि टपरीवरून दादाच्या कानात. तो घरी आला तो कावड न ठेवताच उभा राहिला. पाणी डचमळून त्याच्या पायावर सांडत होतं.

"ट्रॅक्टरवाल्याचं काय आहे?"

"काय आहे?"

"मी विचारतोय."

"चार वाईट कोष आहेत. बाकी शहाण्णव चांगले."

"थट्टा नको करू. टपरीवर सगळे बोलतायत. त्याच्यासाठीच केलंस म्हणतात हे." त्याने नाकाचं नाव घेतलं नाही, हवेत हात फिरवला. "असेल तर सांग. मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या आधी टपरीला कळावं?"

"दादा, मी त्याच्याशी प्रतीशिवाय एक शब्द बोललेली नाही."

"मग कुणासाठी?"

घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, फक्त विचारायची जागा वेगळी. आई पलीकडून म्हणाली, "तिला छळू नकोस रे," आणि लगेच, "पण कुणी असेल तर सांगावं माणसाने."

तिने उत्तर दिलं नाही. दादाला वाटलं, आहे काहीतरी. आईलाही वाटलं, आहे. आणि फळ्यांकडे तोंड करून पाला पसरताना मूठताईलाही पहिल्यांदाच वाटलं, असेल का काही? त्या सोमवारी, तो हसला तेव्हा, तिच्या करंगळीखाली एक हलका कोष आला होता. हलका म्हणजे बहुधा मेलेला. बोटांना ते चिरण्याआधीच कळतं. तो तिच्या मुठीत आला का निसटला? निसटला, की तिने निसटू दिला? तिला आठवेना. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण चौदा वर्षांत तिच्याकडे बघून कुणी हसलंही नव्हतं.

लोकांचा संशय तिला चावत होता तो एवढ्यासाठी, की त्याने आता आतून कडी लावून घेतली होती.

*

अळ्यांनी उन्हातही कोष विणले. कसे विणले त्यांनाच ठाऊक. शनिवारी आणि रविवारी घरातल्या सगळ्यांनी अळ्यांना विणायला दिलेल्या चौकटींतून कोष काढले, वरचा भुसभुशीत धागा ओढून साफ केले आणि तीन पोती भरली. वहिनीची बोटं धाग्याने कापून बारीक रेघारेघांची झाली होती.

रविवारी दुपारी दादा आणि आई आडवे झाल्यावर मूठताईने एक पोतं उघडलं.

"वहिनी, इथे समोर बस."

"काय झालं?"

"बस. माझ्याकडे बघ. मी दोनदा खाली बघून मूठ घालणार, दोनदा तुझ्या तोंडाकडे बघून. चिरलेले कोष वाया जातील, पण मला बघायचंय."

वहिनीने क्षणभर विचार केला, मग पदर खोचून समोर बसली.

"कसं तोंड करू? हसू की रडू? कुठल्या तोंडाला पहिली मिळते?"

"जसं आहे तसं ठेव."

"जसं आहे त्याला दुसरीच मिळेल, वन्सं."

खाली बघून पाच वाईट. खाली बघून सहा. मग वहिनीकडे बघून. वहिनीने आधी लाडिक हसून बघितलं, नंतर सासूसारखा चेहरा केला, नंतर डोळे वर फिरवले, आणि मूठताईला हसू आवरेना, हात पोत्यात आणि छाती धरून ती हसली. सहा. पुन्हा, पाच.

दोघींनी परातीकडे बघितलं.

"म्हणजे तोंड बघून हात बदलत नाही," वहिनी म्हणाली.

"तुझं तोंड बघून नाही बदलत."

"बाई गं," वहिनी म्हणाली. "तुम्ही तर गावापेक्षा जास्त संशयी निघालात." मग तिने परातीतला एक डागळलेला कोष उचलून उन्हाकडे धरला. "पण आपला माल काठावर आहे. पाच-सहा. एका कोषावर पहिली आणि एका कोषावर दुसरी."

"हो."

"यांना सांगू नका. झोपू दे."

*

दुसऱ्या सोमवारी शेडमध्ये माल कमी आणि माणसं जास्त होती. ज्यांचं एक पोतंही नव्हतं तेही भिंतीला टेकून उभे. सचिव स्वतः आले होते. बुटाला माती लागू नये म्हणून ते दोन विटांवर उभे होते.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "तुमच्यावर कुणाचा आरोप नाही. फक्त जुनी पद्धत तेवढी ठेवा. मान खाली."

"खाली बघ म्हणजे झालं," कायदा म्हणाला. "एवढं काय अवघड आहे? जन्मभर जमलं की!"

खरंच अवघड नव्हतं. मान घालायची, मूठ घालायची, आणि मग हवं त्याला हवी ती प्रत द्यायची, कुणी विचारलं नसतं. हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं, की काटेवाल्या काकांकडे न बघताच ती बोलून गेली.

"खाली बघितलं तरी मला कळतं कुणाचं पोतं आहे ते. पायांवरून. चौदा वर्षं कळतंय."

 शेडमध्ये एक विचित्र सळसळ झाली. माणसं पाय मागे घेत होती. कायदाने आपली पायताणं पोत्याआड नेली.

"म्हणजे चौदा वर्षं फसवलंस?"

"चौदा वर्षं तुम्हाला कधी खोटी प्रत मिळाली का, ते सांगा."

"ते आता कसं कळणार?"

"तेच ना," ती म्हणाली. "तेव्हाही कळत नव्हतं. तुम्ही माझ्या मुठीवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्या नाकावर ठेवला होता. तिला कोण विचारतंय, ती कुणाची बाजू घेणार, असं."

"उद्यापासून बूट बदलून या रे!" मागून कुणीतरी ओरडलं. एकदोघं हसले. शिवणवाल्या काकू हसल्या नाहीत. त्या पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होत्या, कापडाचा काठ सरळ आहे का बघावं तसं.

"पोतं घ्या पुढचं," सचिव विटांवरून म्हणाले. "वेळ जातोय."

पुढचं पोतं दादाचं होतं.

त्याने ते ओढत आणलं, तोंड सोडलं आणि दोन पावलं मागे उभा राहिला. सोललेल्या खांद्याला सदरा चिकटला होता. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात घातला. वरून, मधून, तळातून. बोटांखाली हलका आला की हलकाच घेतला, जड आला की जड. शंभर मोजले. पातं उचललं.

एक वाईट. पुढे बराच वेळ काही नाही. दोन. तीन. शेडमधला प्रत्येक माणूस ओठांत मोजत होता. चार. नव्वदाव्या कोषाला पाचवा डाग.

दुसरी म्हणून मोकळं व्हावं, हे तिच्या मनात त्याच क्षणी आलं. एवढंच करायचं होतं. उरलेल्यांपैकी एकाला जरा खोल चीर द्यायची, आतली अळी आपल्याच हाताने मारायची, आणि म्हणायचं सहा, दुसरी. कायदा गप्प झाला असता. सचिव विटांवरून उतरले असते. बघा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही! तिचं नाक, तिची मान, तिची नोकरी, सगळं एका चिरेत धुऊन निघालं असतं. दादाचे पंचवीस दिवस गेले असते, पण दादा काही बोलला नसता. तो कधी बोलला होता?

शेवटचा कोष तिने हळू चिरला. कवचाच्या आत एक तपकिरी ठिपका होता. भिंतीला टेकलेली माणसं पुढे झाली. तिने कोष तळहातावर उपडा केला. अळी पडली, आणि वळवळली. ठिपका तिच्या अंगाचा नव्हता, टाकलेल्या कातेचा होता.

"जिवंत," ती म्हणाली. "पाच वाईट. पहिली."

"वा!" कायदाने टाळी वाजवली. एकच, सुकी. "भावाला पहिली. बघून बघून पहिली!"

"फेरमूठ घ्या," तिने परात त्याच्याकडे सरकवली. संशय असेल त्याने एकदा आपल्या हाताने मूठ घालायची, हा नियम वहीत होता आणि चौदा वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. "वहीत आहे. तुम्हाला पाठ असेल."

कायदाला पाठ होता. त्याने बाही वर केली, तोंड भिंतीकडे केलं, डोळेही मिटले आणि हात घातला. मोजायला तीन माणसं बसली. पातं काकूंनी धरलं, शिवणारा हात म्हणून. शंभर चिरेपर्यंत पत्र्याशिवाय कुणी बोललं नाही.

चार वाईट.

"चार!" काटेवाले काका म्हणाले. "हिने पाच काढले होते."

"म्हणजे भावाला एक जास्तच लावला की हिने," मागचा ओरडणारा म्हणाला.

"घरात भांडण असेल," दुसरा म्हणाला.

आणि हे सगळ्यांना पटायला लागलेलं तिने आपल्या डोळ्यांनी बघितलं. मान वर असल्याचा हाही एक तोटा. संशय मरत नाही, तो फक्त कूस बदलतो.

सचिवांनी घड्याळ बघितलं. "आज ठीक आहे. पण पुढच्या वेळेपासून आपण मध्ये पडदा लावू. पोत्यावाले तिकडे, ताई इकडे. फक्त हात तेवढा बाहेर."

"लावा," मूठताई म्हणाली. "पण त्या पडद्यातून निघणारा हात माझा नसेल."

"पडद्याचं कापड कोण आणणार?" काटेवाल्या काकांनी नोंदीवरून मान न उचलता विचारलं. "ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला निम्मे सभासद लागतील. मागची सभा दोन वर्षांपूर्वी भरली नव्हती."

सचिव विटांवरून उतरले. शिवणवाल्या काकूंनी आपलं पोतं मधे ओढून आणलं, तिच्यासमोर आदळलं आणि म्हणाल्या, "घाल. आणि दुसरी निघाली तर दुसरीच सांग, मला गोड बोलू नकोस."

दुसरीच निघाली. काकू बडबडत गेल्या, पण सुतळी एका झटक्यात बांधून.

*

परतताना हातगाडीवर रिकामी पोती होती. दादा पुढून दांडी ओढत होता, ती मागून ढकलत होती. चढ होता आणि ऊन कलूनही जात नव्हतं. अर्ध्या चढावर दादाने गाडी थांबवली, चाकामागे दगड सरकवला आणि तोंड पुसलं.

"एक विचारू?"

"अजून काही राहिलंय?"

"खरंच पहिली होती ना?"

गाडी सोडून द्यावी आणि जाऊ द्यावी खाली घरंगळत, असं तिला वाटलं. सगळं गाव झालं, काका झाले, आई झाली, तिने स्वतःलाही सोडलं नाही. आता पुन्हा हा. तिने त्याच्याकडे बघितलं. ओठ तडकलेले, भुवया घामाने चिकटलेल्या, आणि डोळ्यांत काय होतं? संशय होता. पण तो तिच्यावरचा नव्हता. आपल्या हातून पहिल्या प्रतीचं काही होऊ शकतं, यावर त्या माणसाचा जन्मात विश्वास बसला नव्हता.

"पहिली होती, दादा."

"मी भाऊ म्हणून नाही ना?"

"तू भाऊ म्हणून मी दुसरी म्हणणार होते. फार सोपं होतं. तोंडावर आलं होतं."

दादा दगड काढायला वाकला होता, तो तसाच राहिला.

"काय म्हणणार होतीस?"

"दुसरी."

"माझ्या कोषांना?" तो सरळ झाला. "दुसरी? पंचवीस दिवस पाणी वाहिलं मी! खांद्यांचं कातडं बघ! ओली पोती दिवसातून दहादा बदलली, त्या कायदाच्या घरी दोनदासुद्धा बदलत नाहीत. चार वाईट निघाले त्याच्या हातून, चार! आणि तू दुसरी म्हणणार होतीस?"

"म्हटलं नाही ना."

"पण म्हणणार होतीस! मनात तरी कसं आलं तुझ्या?"

त्याने दगड लाथेने उडवला आणि दांडी छातीला लावली. घर येईपर्यंत तो भांडत होता. गाडी दोनदा चरात जाता जाता राहिली, कारण भांडायला त्याला सारखं मागे वळून तिच्या तोंडाकडे बघावं लागत होतं.